खोलीत कुणी राहिलंच नव्हतं

विश्रांती घ्यायला घराबाहेर जावं लागतं, हे भांडारपालांना मुळातच मान्य नव्हतं. घरात पलंग आहे, पलंगावर गादी आहे, गादी अजून दहा वर्षं तरी कुठे जात नाही. असं असताना त्याच शहरातल्या पंचतारांकित हॉटेलात जाऊन दुसऱ्याच्या पलंगावर पाठ टेकायची, म्हणजे स्वतःचा नळ सोडून शेजाऱ्याकडे आंघोळीला जाण्यातला प्रकार. पण मुलीने आणि जावयाने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दोन रात्रींची खोली परस्पर ठरवून टाकली होती. आणि ती रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, ही माहिती भांडारपालांनी हॉटेलात फोन करून स्वतः काढली होती. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज बदलून.

"बाबा, हे तुमच्यासाठी नाहीच आहे," मुलीने फोनवर बजावलं. "आईसाठी आहे. दोन दिवस तिला कशाला हात लावायला लागता कामा नये. आणि तुम्ही तिच्यामागे भुणभुण करायची नाही."

"मी कधी भुणभुण करतो?" भांडारपालांनी विचारलं.

यावर फोनमधली मुलगी आणि स्वयंपाकघरातली बायको, दोघी एकदमच हसल्या. मग बायको, जिला सारी बिल्डिंग काकू म्हणते, हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, मला फक्त दोन दिवस निवांत बसायचंय. कुणी हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही. एवढं द्या मला." बत्तीस वर्षांत काकूंनी काही मागितल्याचं भांडारपालांना आठवत नव्हतं. म्हणजे मागितलं असेलही. त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी शब्द दिला.

आता भांडारपालांचा शब्द म्हणजे काय चीज आहे, हे सांगायला हवं. त्यांची उभी हयात एका सरकारी कचेरीचं भांडार सांभाळण्यात गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना त्याच नावाने ओळखत. खुर्ची, पंखा, पंचिंग मशीन, जे काही भांडारातून बाहेर जाईल ते जसं गेलं तसंच परत आलं पाहिजे, हा त्यांचा एकमेव धर्म. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी नेलेली छत्री परत आली, तर जाताना तिची सातवी काडी सरळ होती म्हणून त्यांनी ती घ्यायला साफ नकार दिला. साहेब बदलून गेले तेव्हा ती छत्री बरोबर घेऊन गेले म्हणतात.

बातमी बिल्डिंगमध्ये फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या घरातले विमावाले एकदा कंपनीच्या खर्चाने अशा हॉटेलात राहून आले होते; त्यामुळे या विषयातला अधिकार त्यांच्याकडे होता. ते चहा प्यायला म्हणून आले आणि दुसऱ्या कपापर्यंत बसले.

"खोलीतल्या फ्रिजला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आतली बाटली नुसती उचललीत तरी खाली बिलावर चढते. आणि सामान खोलीत सोडून अजिबात बाहेर पडायचं नाही. साफसफाईवाले केव्हाही आत येतात. त्यांच्याकडे किल्ली असते."

"माझं सामान कोण नेणार? दोन सदरे आहेत," भांडारपाल म्हणाले.

"न्यायचा प्रश्न नाही हो. बघतात ना!"

बघतात, हे भांडारपालांच्या मनाला लागलं. त्यात वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी जिन्यात गाठून भर घातली. "आणि काका, अंथरूण तसंच टाकून जाऊ नका हं. खोली बघून माणसाचं घर कळतं. ती माणसं तोंडावर सर म्हणतात आणि मागे नावं ठेवतात."

ठरल्या दिवशी दोघं बसने गेले. त्या हॉटेलच्या दारापर्यंत पायी जायची सोयच नव्हती, कारण पायी कुणी येईल असं बांधणाऱ्याला वाटलं नव्हतं. गाड्यांसाठी एक वळणदार चढ होता. त्यावरून मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट देत, कडेच्या झुडपांना अंग चोरत भांडारपाल वर चढले. मागून काकू, नवी पर्स काखेत धरून. सोनेरी बटणांच्या दरवानाने सवयीने गाडीचं दार उघडायला हात पुढे केला, गाडीच नव्हती. तो हात क्षणभर हवेत राहिला, मग त्याने त्याच हाताने सलाम ठोकला. भांडारपालांनीही उलट सलाम ठोकला. मग दुसऱ्या एका गणवेशवाल्याने त्यांची बॅग धरली.

"राहू द्या, हलकी आहे."

"प्लीज सर."

"अहो, खरंच हलकी आहे."

"आमचं कामच आहे सर."

ही ओढाताण काचेच्या दारापासून थेट काउंटरपर्यंत चालली. शेवटी भांडारपाल जिंकले, बॅगेचा एक बंद हरला. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून एका छोट्या पाकिटात दोन किल्ल्या दिल्या. किल्ल्या कसल्या, दोन पुठ्ठ्यासारखी कार्डं. किल्लीला वजन असावं, असं भांडारपालांचं ठाम मत होतं. पण काकू लिफ्टमध्ये शिरून त्यांची वाट बघत होत्या. चेहऱ्यावर तर असं हसू, की जणू त्या दर महिन्याला इथे येतात.

खोलीत पाऊल टाकताच भांडारपालांनी दारातच थांबून सारं डोळ्यांत भरून घेतलं. उशा किती, कुठली उभी, कुठली आडवी. पलंगाच्या पायथ्याशी टाकलेला तो निरर्थक तपकिरी पट्टा. स्लिपरांची बंद पिशवी. न्हाणीघरातल्या कागदाच्या गुंडाळीचं टोकदार दुमडलेलं टोक. ताब्यात घेताना वस्तू कशी होती ते आधी पाहावं, मग हात लावावा. तोवर काकूंनी चपला काढल्या, पलंगावर अंग टाकलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आहाहा."

भांडारपालांच्या नशिबी आहाहा नव्हतं. न्हाणीघर आणि खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, काच होती. अगदी आरपार. पडद्याचं बटण असणार म्हणून त्यांनी एकेक बटण दाबायला सुरुवात केली. पहिल्याने खिडकीचा पडदा सरकला, दुसऱ्याने टीव्ही लागला, तिसऱ्याने सगळे दिवे गेले आणि चौथ्याने अंधारातून एका बाईचा आवाज आला, "मी आपली काय मदत करू शकते?" टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत भांडारपाल म्हणाले, "काही नाही, सहज." शेवटी त्यांनी काकूंना खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं.

"बत्तीस वर्षं झाली की आता," काकू म्हणाल्या. पण बसल्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे ते पाहूनच पाय गळाले. ती गादी माणसाला धरून ठेवत नव्हती, आत ओढत होती. कूस बदलायची म्हणजे आधी वर यायला हवं. पाय जरा खाली टेकला, की पलंगाखालून आपोआप दिवा लागे आणि चोरी पकडल्यासारखं होई. रात्र कशी गेली ते विचारू नये. काकू मात्र मेल्यासारख्या झोपल्या होत्या. बत्तीस वर्षांची थकबाकी वसूल चालली असावी.

सकाळी त्यांना जाग आली तेव्हा भांडारपाल कामाला लागलेले होते. वरची चादर ताणून चारही कोपरे लखोट्यासारखे दुमडून आत खोचलेले. उशा ओळीने. तपकिरी पट्टा आडवा. वापरलेले टॉवेल न्हाणीघरात धुऊन, पिळून, केस वाळवायच्या यंत्राने कोरडे करून, जशी होती तशी घडी घालून जागच्या जागी. कप विसळून उपडे. इतकंच काय, केराची टोपलीसुद्धा त्यांनी रिकामी करून कचरा स्वतःच्या बॅगेत भरला होता. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत चहा घेत हे सारं बघत होत्या. आता भांडारपाल गुडघे टेकून, जीभ दातांत धरून, कागदाच्या गुंडाळीचं टोक दुमडत होते.

"अहो, ती माणसं येतात ना हे करायला."

"येऊ देत. बघू देत," भांडारपाल म्हणाले. "कुणी नाव ठेवता कामा नये."

काकू त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.  दोघं निघाले तेव्हा काकूंच्या वाटणीची किल्ली हरवू नये म्हणून भांडारपालांनी ती पाकिटात घालून टेबलाच्या मधोमध उभी करून ठेवली, विमावाल्यांचा सल्ला स्मरून सगळं सामान बॅगेत भरलं, बॅग खांद्याला मारली आणि दार ओढून घेतलं.

नाश्त्यानंतर काकू पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्चीत जाड कादंबरी घेऊन पसरल्या. "मला दुपारपर्यंत शोधू नका," त्यांनी सांगितलं. भांडारपाल बॅग घेऊन हॉटेलभर फिरत राहिले. बसायला कुठे जीवच लागेना. खोलीत जावं तर आवरलेलं बिघडेल; सोफ्यावर बसावं तर लगेच कुणीतरी येऊन वाकून विचारी, "सर, आपल्याला काही हवंय?" काही नको म्हटलं की तो माणूस जाई आणि पाच मिनिटांनी दुसरा येई. खांद्याला बॅग, नजर कावरीबावरी आणि काहीही नको असलेला माणूस. कुणालाही शंका यावी. एक सुरक्षारक्षक तर त्यांच्या मागे मागे दोन मजले चढला. भांडारपालांचा अपमान झाला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वस्तू राखलेल्या माणसावर ही पाळत! ते ताठ मानेने लिफ्टमध्ये शिरले आणि खोलीकडे निघाले.

कार्ड लावलं, तांबडा दिवा लागला. सदऱ्याला पुसून लावलं, तांबडाच. उलटं लावलं, फुंकर मारून लावलं, हळूच फसवून लावलं. एवढ्यात दार आतूनच उघडलं. समोर पांढरा झगा घातलेला एक उंचनिंच गृहस्थ उभा होता. तोंडात दात घासायचा ब्रश आणि हनुवटीपर्यंत फेस.

"बरं झालं आलात," तो गृहस्थ फेसातून म्हणाला आणि त्याने एक पँट भांडारपालांच्या हातात ठेवली. "कडक इस्त्री. तीन वाजता माझं भाषण आहे. एवढी एकच आणलीय." आणि दार बंद.

भांडारपालांनी ती घेतली. घ्यायला नको होती, हे त्यांना नंतर कळलं. पण उभ्या हयातीत कुणी समोर वस्तू धरली की त्यांचा हात आपोआप पुढे होत आला होता, आणि एकदा घेतली की तिची जबाबदारी आली. परक्याची पँट हातावर आडवी टाकून ते काउंटरपाशी आले, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच विचार होता: हे काकूंना कळायच्या आत मिटलं पाहिजे. बाईने जन्मात एकदा दोन दिवस मागितले होते आणि दुसरा दिवस अजून अर्धाही झाला नव्हता.

"माझ्या खोलीत एक माणूस आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

मुलीने संगणकात पाहिलं. "सर, आपण तर सकाळीच खोली सोडलीत."

"मी कुठे सोडली? मी इथे तुमच्यासमोर उभा आहे."

"पण खोली रिकामी होती सर. सामान नव्हतं, किल्ली पाकिटात घालून टेबलावर ठेवलेली. हाउसकीपिंगने तर कळवलं, की खोलीत कुणी राहिलंच नव्हतं. ज्यांच्या नावावर बुकिंग आहे त्यांना आम्ही फोन केला, तो लागला नाही. आज दातांच्या डॉक्टरांचं अधिवेशन आहे, त्यामुळे लगेच..."

"कुणी राहिलं नव्हतं म्हणजे? रात्रभर जागा होतो मी!"

"तसं काही आढळलं नाही सर."

 आता भांडारपालांनी राहिल्याचा पुरावा काय द्यायचा? चादरीवरची सुरकुती त्यांनी मोडली होती, टॉवेलाचा ओलावा त्यांनी घालवला होता, चहाची पुडी फाडलेली त्यांच्या बॅगेत होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. पण धोंडा मारून, जखम धुऊन, धोंडा परत जागेवर ठेवणारा हा पहिलाच. आवाज वाढत गेला तसा व्यवस्थापक आला. सुरक्षारक्षकही आला आणि पँटकडे बघत राहिला. मग हाउसकीपिंगच्या मुख्य बाईंना बोलावण्यात आलं.

"मी स्वतः बघितली ती खोली," त्या म्हणाल्या. "आमच्याच माणसांनी लावलेली आणि कुणी हात न लावलेली. चादरीचे कोपरे, उशा, कागदाचं टोकसुद्धा. पाहुणे असं कधी करत नाहीत."

"ते मी केलं," भांडारपाल म्हणाले.

"कोपरे?"

"सगळं."

बाईंना पटेना. तेव्हा भांडारपालांनी काउंटरवर पँट पसरली आणि चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते तिच्या एका पायावर करून दाखवलं. बघायला तीन-चार डॉक्टर जमले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ठरणार होतं, पण तूर्त बाईंच्या डोळ्यांत खरोखरचं कौतुक आलं. "सर, तुम्ही हॉटेल लाइनमध्ये होता का?" त्यांनी विचारलं, आणि त्या अवघड प्रसंगातही भांडारपालांची छाती दोन बोटं फुगली.

"छे! हे काय, साधं आहे. एकदा बघितलं की हात आपोआप करतो."

हे वाक्य त्यांनी पुरं केलं आणि मागे काकू उभ्या असलेल्या त्यांना दिसल्या. कादंबरीत बोट घालून, ओल्या पायांनी. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांच्याही मागून झगा घातलेला गृहस्थ लिफ्टमधून धावत येत होता आणि "माझी पँट कुठेय?" असं साऱ्या लॉबीला विचारत होता.

पँट बाईंनी इस्त्रीला नेली. भांडारपालांनी ती त्यांच्या हाती देण्याआधी तिन्ही बटणं जागेवर असल्याचं झग्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. व्यवस्थापकाने शंभर वेळा क्षमा मागितली. चूक हॉटेलचीच, तेव्हा अगदी वरच्या मजल्यावरचा मोठा सूट आजच्या रात्री आणि वर आणखी एक रात्र हॉटेलतर्फे. सगळे काकूंकडे बघत होते. आता काय तो स्फोट होणार, या हिशेबाने भांडारपालांनी मान खाली घातली होती.

काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं यांना येत नाही," त्या व्यवस्थापकाला म्हणाल्या, जणू तो घरचाच होता. "बत्तीस वर्षं. मी म्हणायची, जाऊ दे, पुरुषाच्या जातीला नसेल येत. येतंय की."

  भांडारपालांना लाज वाटली. पाळत, तांबडा दिवा, पँट, सगळ्या अपमानांपेक्षा हे वेगळं होतं, कारण यात बोलणाऱ्याची काही चूक नव्हती.

"सूट मला चालेल," काकू पुढे म्हणाल्या. "दोन्ही रात्री. पण एकटीला. यांना इथे करमत नाही, कालपासून बघतेय. माझी खोली आवरायला तुमची माणसं आहेत. घरी कुणी नाही." मग नवऱ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. खरंच जा. तुमचाही जीव सुटेल."

भांडारपालांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. ही दोन्ही एकदम वाटण्याची त्यांना सवय नव्हती. काकूंचे कपडे बॅगेतून काढून देऊन ते उतारावरून चालत निघाले.

घरी आल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. मनाशी म्हणाले, ती परत येईल तेव्हा घर जसं तिने ठेवलं होतं तसं हातात द्यायचं. आणि तिथेच सगळं अडलं. कारण घर तिने कसं ठेवलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. एक दिवस राहिलेल्या खोलीतल्या उशांची दिशा त्यांना डोळे मिटून सांगता आली असती. पण स्वतःच्या घरात धुतलेल्या चादरी कुठल्या कपाटात असतात, साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला, गॅसखालचं फडकं रोज कोण कुठे वाळत घालतं, यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. ही वस्तू त्यांनी ताब्यात घेताना कधी पाहिलीच नव्हती. खारट चहा पिऊन त्यांनी दोनदा फोन उचलला, विचारावं म्हणून, आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. मग एकेक कपाट उघडत बसले. विमावाले अनुभव ऐकायला आले, तेव्हा भांडारपालांनी त्यांना दारातूनच, "आत ओलं आहे" म्हणून परत पाठवलं.

काकू परत आल्या तेव्हा दुपार होती. त्या हॉटेलच्या गाडीतून आल्या, हे अख्ख्या बिल्डिंगने पाहिलं. त्यांनी घरभर एक चक्कर मारली. ओटा पाहिला, कपाट उघडून बंद केलं, शेवटी पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या. चादर ताणून बसवलेली होती, चारही कोपरे लखोट्यासारखे. भांडारपाल दाराशी उभे होते, निकालाची वाट बघत.

 काकूंनी पर्स खुर्चीवर फेकली, चपला होत्या तिथेच काढल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि त्या ताठ चादरीवर सरळ आडव्या झाल्या.

"अगं, चुरगळेल ती," भांडारपाल कळवळून म्हणाले.

"चुरगळू दे," काकूंनी कूस बदलली. "उद्या तुम्ही आहातच की."